व्हाइटफिश बे, सहावा दिवस

आज अंडी मोजली : एकोणचाळीस.
माणसं बावीस.
आणि खाली जहाजाच्या पोटात
पंचवीस हजार टन लोखंडाचे चणे,
खरेच चण्याएवढे, करडे, गोल,
डुलुथच्या धक्क्यावर धो धो ओतून घेतलेले.
ते चावणाऱ्या भट्ट्या
दुसऱ्या सरोवराच्या टोकाला
तोंड उघडून बसल्यात.

बर्फ पांढरा असतो, असं किनाऱ्यावर वाटतं.
इथे तो निळा आहे,
मार लागल्यावर दुसऱ्या दिवशी कातडी होते तसा.
वायव्येचा वारा लादी ढकलतो,
लादीवर लादी चढते
आणि आमच्या कुशीला येऊन निजते.
रात्रभर पत्रा कण्हतो.
पहिल्या रात्री मी उठून बसले होते.
आता कण्हणं थांबलं, की जाग येते.

काल दुपारी बर्फफोडी बोट आली.
आमच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या,
मागे काळ्या पाण्याची वाट सोडली.
कॅप्टन व्रुबेलने इंजिनाचा सगळा जोर लावला,
एक जहाजभर पुढे सरकलो. एकच.
मी कॉफी ओतून वर नेईपर्यंत
वाट बुजली होती,
दुधावर साय धरते तशी, कुणी न बघता.

डेलबर्ट कॅडॉट याच किनाऱ्याचा,
म्हणून सगळे त्यालाच विचारतात, कधी सुटेल?
जणू त्याच्या आजोबांनी चिठ्ठी लिहून ठेवलीय.
तो फोन दाखवतो :
तुम्ही बघता तेच हवामान मी बघतो,
आणि रेंज मलाही नाही.

खाली इंजिनाच्या उबेला
तेलवाल्या टॉइव्होची टोमॅटोची रोपं आहेत,
दह्याच्या डब्यांत, अठरा.
सूच्या लॉकमध्ये जहाज पाणी उतरत असताना
बायको काठावर येणार,
हा दोरीने टोपली सोडणार,
असं दर एप्रिलमध्ये ठरलेलं.
सूचे दिवे रात्री आभाळाच्या कडेला दिसतात.
तेवीस मैल. पायी गेलो असतो, टॉइव्हो म्हणतो,
आणि कुणी हसत नाही.
उजेडाविना रोपं नुसती उंच होतायत,
पांढुरक्या मानेची,
वसतिगृहातल्या पोरांसारखी.

आज पहाटे मी हिशेब मोडला.
आईच्या हातचा गोड पाव, वेणी घातलेला,
वेलदोडा कुटून पिठात,
आणि एकदम आठ अंडी.
वास शिडीने वर गेला.
एकेक जण मोजे न घालताच खाली आला,
व्रुबेलसुद्धा, दाढी अर्धी राहिलेली.
मागे अडकलेल्या जहाजावरच्या स्वयंपाक्याने
रेडिओवर विचारलं, इर्या, आज काय?
मी खोटं सांगितलं : डब्यातलं सूप.

उरली एकतीस.
टरफलं धुऊन, चुरून
टॉइव्होच्या डब्यांत घातली.
त्याने प्रत्येक डबा अर्धा वळण फिरवला,
खिडकीकडे,
म्हणजे जिथे खिडकी असती तिकडे.