पान १६१ ते १७६

मुलगा तिशीचा असेल, दाढी कोरलेली,
चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा.
पिशवीतून त्यानं ती काढली तेव्हा
आधी वास आला – वाळवीचा, खळीचा,
आणि मागून, खरं सांगते, रॉकेलचा.
'भरतीची मुलगी'. किंमत साडेतीन रुपये.
मुखपृष्ठावर दीपगृह, खाली ओल्या केसांची वारुणी,
तिचे डोळे कुणीतरी बॉलपेननं गिरवलेले.

वडाळ्याच्या गोदी वसाहतीतलं वाचनालय पाडताना
जिन्याखालच्या पेटीत सापडली म्हणे.
दुसरी प्रत कुठेच नाही. लेखिकेचा पत्ता नाही,
नावही बहुधा खोटं.
मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का: ११ ऑगस्ट १९७९,
सभासद क्रमांक चारशे अठरा.
"म्हणजे तुम्ही," तो म्हणाला,
जणू मला लॉटरी लागलीय.

गोष्ट त्यानंच मला सांगितली, मी ऐकून घेतली.
कुलाब्याच्या टोकाशी खडकावरचं दीपगृह,
भरती आली की जमिनीपासून तुटणारं.
राखणदाराची मुलगी, चौदाची.
रात्री तिच्या तोंडून बुडालेल्या बाईचा आवाज येतो,
सकाळी उशीवर मीठ.
बाप दिव्याच्या काचा पुसत राहतो, तिच्याकडे बघत नाही.
"पण शेवटचा फर्मा नाही," मुलगा म्हणाला,
"कुणीतरी फाडलाय. तुम्हाला आठवतो का शेवट?"

नाही, म्हटलं. चहा घ्या.

मीही चौदाचीच होते.
एका खोलीत सहा जण, आणि सातवे
नोकरी लागेपर्यंत राहायला आलेले विनूकाका,
ज्यांचं अंथरूण दर रात्री एक वीत सरकायचं.
सांगणार काय, कुणाला, कोणत्या शब्दांत?
एका अवसेला मी वारुणीच्या आवाजात बोलले.
जाड, खालच्या पट्टीत, पुस्तकातलीच वाक्यं.
आईच्या हातातलं भांडं पडलं.
शिवडीहून देवरुषी आला, लिंबं कापली,
मिरच्यांच्या धुरानं डोळे सुजले, केसांना हिसडे बसले,
पण काकांनी दुसऱ्याच दिवशी वळकटी उचलली.
अंगात आलेल्या बाईला माणूस घाबरतो.
नुसत्या मुलीला कोण घाबरतं?

आणि मग मी शेवट वाचला.
पान एकशे चौऱ्याहत्तर. वारुणी सांगते:
अंगात कुणी नव्हतं, बाबा. मीच होते.

माझ्यानंतर ते पुस्तक आई वाचायची, दुपारी.

फाडली नव्हती. ब्लेडनं कापली, बाबांच्या दाढीच्या.
सोळा पानं, पंचेचाळीस वर्षं,
शिवणाच्या डब्यात, ब्लाउजच्या कागदी मापांखाली.

चपला घालताना मुलगा वळून म्हणाला,
"तशीच छापू. 'पुढील पाने उपलब्ध नाहीत' असं लिहून."
बरं वाक्य आहे. माझ्यावरही चाललं असतं.

रात्री दोनदा डबा उघडला.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली. काका
चुलतभावाच्या भिंतीवर, हारात.
तिसऱ्या दिवशी नाक्यावर झेरॉक्स काढली,
बत्तीस रुपये.
मशीनवरची पोरगी मधेच थांबली, वाचायला लागली.
मी घाई केली नाही.

मग मुलाला फोन केला.
सापडली, म्हटलं. या.
आणि येताना हिशेब करून आणा:
दिवसाला पाच पैसे दंड होता तेव्हा,
चारशे अठराच्या नावावर.