कळकलेलं

रविवार. दत्ताराम वडके, वय अठ्ठावन्न,
तांबाकाट्यावर भांडी ठोकणारे.
पत्र्याच्या कडेने मनगट उकललेलं,
दोन बोटं मिटेनात.
सोनोग्राफीचं मशीन वरच्या मजल्यावर, कुलपात.
किल्ली ज्याच्याकडे, तो डोंबिवलीला.

मी काखेत सुई घातली, दट्ट्या मागे ओढला:
रक्त नाही.
पाच मिली. थांबले. पुन्हा ओढला.
रक्त नाही.
पुस्तकातलं सगळं मी पुस्तकासारखं करत होते.

पेशंटला बोलतं ठेवा, असं शिकवलेलं,
म्हणून मीच विचारलं, धंदा कसा चाललाय.
ते सांगत सुटले: घंगाळाला गिऱ्हाईक नाही,
बंब आता हॉटेलवाले शोभेला नेतात,
आणि मग त्याच सुरात, मध्येच,
"तोंड कळकलं हो, बाई."

मी म्हटलं, हो का.
मला वाटलं, सुकलं असेल. उपाशीपोटी आहेत.
मी स्टीलच्या घरात वाढलेली मुलगी;
तो शब्द माझ्या कानावरून
कपाटावरून झुरळ जावं तसा गेला.
आणखी पाच मिली.

कोपऱ्यात बादली घेऊन यमुनामावशी उभ्या.
त्यांनी फडकं पिळता पिळता थांबवलं.
"कळकलं म्हणतायत, मॅडम.
पितळेत ताक राहिल्यासारखं.
इथं कुठलं ताक?"

इथं कुठलं ताक.
माझा अंगठा दट्ट्यावरच होता.
तो उचलायला मला किती वेळ लागला
हे केसपेपरवर नाही.

वडके छताकडे बघत होते.
"आज बाजार बंद ना?
मग ठोके कुणाचे चाललेत?"
एवढं विचारलं आणि गप्प झाले.
अर्धा तास न थांबलेला माणूस
वाक्य संपवून नव्हे, वाक्यातून उठून गेला.
मग ओठाचा एक कोपरा फडफडला,
एकटाच, बाकी चेहऱ्याला न विचारता.

नंतरचं सगळ्यांना येतं.
ऑक्सिजन, हाका, मिडाझोलम,
झटक्यात थडथडणारं टेबल,
मॉनिटरवर रुंद होत चाललेली टोकं,
आणि मी ओरडतेय, फॅटची बाटली, पांढरी,
तिसऱ्या कप्प्यात, सलाइनच्या मागे!
साठ किलोचा माणूस. नव्वद मिली.
ती दुधासारखी नळीतून उतरताना
मी आयुष्यात प्रथमच
दुधाकडे तसं बघितलं.

टोकं अरुंद झाली. हळूहळू. आधी एक, मग शंका, मग दुसरं.
संध्याकाळी शुद्धीवर त्यांनी पहिलं विचारलं,
"बोटं झाली का शिवून?"
नव्हती. ती मंगळवारी झाली.

रिपोर्टमध्ये मी 'धातूची चव' लिहिलं नाही.
लिहिलं: तोंड कळकल्याची तक्रार, १०.४२ वाजता.
सरांनी लाल शाईने गोल केला, शेजारी प्रश्नचिन्ह.
मी तिथेच मावशींचं नाव लिहिलं.
तेवढं मात्र त्यांनी खोडलं.

चार महिन्यांनी गेले मी तांबाकाट्यावर.
बोटं मिटत होती, एक थोडं कमी.
पितळेची वाटी मागितली,
म्हटलं, कल्हई नको.
"कल्हईशिवाय?" वडक्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"खायचं काही ठेवू नका हं तिच्यात."

दरवर्षी नवी मुलं येतात.
मुंग्या, कानात घंटी, जड जीभ, झटका,
सगळं पाठ असतं त्यांचं, क्रमाने;
पेशंट मात्र क्रमाने सांगत नाही.
आदल्या रात्री मी वाटीत ताक ठेवते.
सकाळी एकेकाला बोटभर चाटायला देते.
तोंडं वाकडी होतात.
थुंका, म्हणते. तिकडे बेसिन आहे.
आता सांगा, तुमच्या घरी याला काय म्हणतात?