हवा आणि हाड

उमान्नाकच्या दवाखान्यात आवाजबंद खोली नाही.
औषधांच्या कोठीत भिंतींना गाद्या ठोकून
मी एक उभी केली आहे. दारावर पाटी:
फ्रीज बंद केल्याशिवाय तपासणी सुरू करू नये.

कानाचे डॉक्टर सोमवारी हेलिकॉप्टरने येतील,
हवा बरी असली तर.
तीन दिवस, नऊ जागा.
माझ्या वहीत एकतीस नावं.

निव्हिका, वय अकरा.
दोन्ही कान बारा महिने वाहतात,
उशीला वास येतो म्हणून बहीण शेजारी झोपत नाही.
हेडफोनमधून सूर सोडते: चाळीस, पंचेचाळीस,
पन्नासला कुठे तिचं बोट हलतं.
मग कानामागच्या हाडावर कंपक टेकवते
आणि दहालाच ती बटण दाबते,
दचकून हसते,
घरात कुणी नाही असं वाटत असताना
आतल्या खोलीतून हाक यावी तशी.

कागदावर हाडाची रेघ वर, हवेची खोल खाली.
मधे एवढी फट
की डॉक्टरांची सुई आणि दोरा तिथे पोचेल.
फटीसाठीच तर ते येतात.
निव्हिकाचं नाव लिहिते. सातवं.

यूनार्सी, वय त्रेसष्ट. हाडाचा शिकारी.
जन्मभर उजव्या खांद्याला बंदूक,
म्हणून डावा कान आधी गेला.
आता हवा पासष्ट, हाड पासष्ट,
दोन्ही खुणा एकमेकींना चिकटून,
एकाच भोकातून बर्फाखाली गेलेल्या.

छापील शब्दयादी डॅनिश. ती उलटी ठेवते,
तोंडापुढे पुठ्ठा धरून आमचे शब्द वाचते.
मी म्हणते होडी, तो म्हणतो भाऊ.
मी म्हणते दार.
तो थांबतो. पुठ्ठ्याकडे बघत राहतो.

आणि मधेच, मी काहीच सोडलेलं नसताना,
बटण दाबतो. पुन्हा दाबतो.
लबाडी नाही, कानांत प्राण आणून बसलाय बिचारा.
जवळ जाऊन ओरडते, काय ऐकलंस?
कुत्री, म्हणतो.
कुत्री त्याने मार्चमध्येच विकली.

कागद त्याच्यापुढे सरकवते.
खुणा चिकटल्या आहेत तिथे तो बोट ठेवतो,
नखाने चाचपतो.
फट नाही?
मी मान हलवते, नाही.

गंमत आहे, म्हणतो,
सबंध आयुष्य स्लेजच्या पुढे चालत
पायाखाली हेच बघत आलो,
फट नसावी म्हणून.

श्रवणयंत्राचा अर्ज मीच भरते.
बॅटऱ्या थंडीत टिकत नाहीत,
खिशात, अंगाशी धरून ठेवायच्या,
हे दोनदा सांगते, दुसऱ्यांदा पुठ्ठा न धरता.
तो मान डोलावतो,
ऐकू आल्यासारखी.