कलती जमीन

सभागृहातली भट्टी मी चारलाच पेटवली.
खुर्च्या मांडल्या एकेचाळीस. गाव तेवढंच उरलंय,
आणि त्यात हेडली पार्डीचा कुत्राही धरलाय,
कारण तो कुठलीच सभा चुकवत नाही.

राजधानीहून आलेल्या बाई तरुण. नोझवर्दी आडनावाच्या.
बोटीतून उतरताना बूट भिजले होते.
पडद्यावर त्यांनी कायदा दाखवला:
शाश्वत समुदाय विकास, मसुदा तिसरा.
निळे बाण, हिरवी वर्तुळं,
मधोमध एक घर, धुराडं नसलेलं.

"शाश्वत म्हणजे?" एबनरने विचारलं.
"म्हणजे टिकाऊ."
मागे कुणीतरी हसलं, मग बरेच जण.
टिकाऊ काय ते इथे शेंबडं पोरही सांगेल:
कॉड चिरायचा, मिठात तीन आठवडे दाबायचा,
उन्हाला पसरायचा, धुकं दिसलं की पालथा करायचा,
मग तो फळीसारखा वाजतो
आणि समुद्र ओलांडून कुठेही जातो.
ते मासे धरणं बंद केलं, तेव्हाही कागदावर
दोनच वर्षं लिहिली होती.

दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात.
आम्ही नळाचं पाणीही उकळून पितो.
तेवीस वर्षं झाली, सूचना अजून दारावर आहे,
फक्त शाई उडालीय.

मग कलम सात आलं:
सेवा पुरवणे परवडत नसल्यास, समुदायाच्या संमतीने…
बाई पुढचं वाचत राहिल्या, पण ऐकायला कुणी नव्हतं.
सगळे "संमती"वरच थांबले होते.

ड्रुसिला कीपिंग उठली. काठी खुर्चीला लावून.
"किती संमती लागेल, बाई?"
"पंचाहत्तर टक्के."
"उतरली की. मागल्या वेळी दहात नऊ लागली होती.
मी अकरा वर्षांची होते, टिंकर बेटावर.
बाबांनी नऊ आठवडे सही केली नाही.
तेवढ्यात मास्तर गेले, नवा कुणी आला नाही.
पाद्री गेले. टपाल पंधरा दिवसांनी यायला लागलं.
विहिरीवर आईशी बोलेना कुणी.
सरकारने बळजबरी केली म्हणता येणार नाही हो,
त्यांना करावीच लागली नाही.
ती आमची आम्हीच केली."
आणि ती बसली. काठी पडली, ती कुणी उचलली नाही.

मला खरं सांगायचं तर पाणी हवंय.
कलम चारमध्ये नळ आहे, पान एकोणचाळीस.
पूर्ण मसुदा वाचलेला या गावात मी एकटा,
रात्री, सभागृहाच्या स्वयंपाकघरात, चष्मा पुसत.
कायदा वाईट नव्हता.
पण बाईंनी हात वर करा म्हटल्यावर
माझा हात मांडीवरून हललाच नाही.
टिंकर बेटावरच्या त्या कागदावर
पहिली सही माझ्या वडिलांची होती.
ड्रुसिलाला ते माहीत आहे.
दर ख्रिसमसला ती मला मुरंब्याची बरणी देते,
आणि बरणी परत मागते.

वारा वाढला. बोट रद्द झाली.
गावात जादा पलंग एकच, ड्रुसिलाकडे,
म्हणून बाईंची बॅग घेऊन मी तिकडे गेलो.
ते घर तिच्याच बाबांचं. खाली पिंपं बांधून,
भरतीवर तरंगत खाडीपलीकडून ओढत आणलेलं,
खिडकीत कुंडी तशीच ठेवून.
तेव्हापासून जमीन कलती आहे.

बाईंनी टेबलावर मसुदा ठेवला, त्यावर पेन.
पेन घरंगळलं, खाली पडलं,
आणि सावकाश, काही घाई नसल्यासारखं,
पूर्वेच्या भिंतीकडे निघालं.
"जाऊ दे," ड्रुसिला चहा ओतत म्हणाली,
"सगळं तिकडेच जातं. बेट तिकडे आहे."
बाई गुडघ्यावर बसल्या, कपाटाखाली हात घातला.
पेन मिळालं. त्याआधी एक बटण,
दोन वाळके वाटाणे,
आणि सरकारी शिक्क्याची एक पेन्सिल,
फार जुनी, टोक न झिजलेली.