उलटा के

वॉल्टर, तुझा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्येच होते.
तू म्हणालास, ती खोकी रविवारच्या सेलमध्ये काढून टाक,
कोण ऐकतं आता असल्या तबकड्या.
तुझ्याकडे ॲरिझोनात म्हणे सगळं हवेतून येतं,
गाणी, सामने, पाऊस सोडून सगळं.

मंगळवार आठवतो तुला?
पप्पा अकरा बारमधल्या अकरा ज्यूकबॉक्सांची पोटं उघडायचे,
झिजलेली गाणी काढून नवी बसवायचे
आणि झिजलेली घरी आणायचे, आपल्यासाठी,
शेजारची मुलं वाढली की त्यांचे कोट यायचे तशी.
त्यामुळे आपल्या घरात प्रत्येक गाणं
सहा महिने उशिरा आणि खरखरतच आलं.
पुढे कॉलेजात तीच गाणी कोरी करकरीत ऐकली,
तर कुणीतरी पुसून ठेवल्यासारखी वाटली मला.
मधल्या मोठ्या भोकात बसवायची ती पिवळी प्लास्टिकची चकती
नेहमी हरवायची.
नेहमी तूच हरवायचास.

आणि शुक्रवारी मैदान.
आयर्नर्स हरायचे, ते ठरलेलंच.
पप्पा कानामागची पेन्सिल काढायचे,
गुडघ्यावर स्कोअरकार्ड, बुटांभोवती शेंगांची टरफलं,
आणि मला चौकोन भरायला शिकवायचे:
बॅट फिरवून चुकला तर सरळ के.
चेंडू समोरून गेला आणि हा नुसता बघत राहिला
तर के उलटा,
भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या पोरासारखा.
"दोन्ही बादच, रोझली. पण लिहिताना फरक करायचा."

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं गाव उठून उभं राहायचं,
पाय मोकळे करायला, आळस द्यायला,
कुझ्मा खाटकाची बायको तर थेट नाचायला,
आणि थेल्मा प्रोहास्का ऑर्गनवर
त्या आठवड्याचं गाणं धरायची.

तीच थेल्मा रविवारी सेंट सिरिलमध्ये.
एकदा प्रसादाच्या रांगेत पप्पांनी मला कोपर मारलं.
"ऐक."
इतकं संथ, इतकं सोज्वळ,
की फादर डुशेक डोळे मिटून डोलत होते,
आणि ते होतं लाल मोटारीतल्या त्या मुलीचं गाणं,
ज्यावरून आईनं रेडिओची वायर उपटली होती.
पवित्र भाकरीसाठी पप्पांची जीभ बाहेर
आणि खांदे गदगदा हलत होते.

ते आमचं तिघांचं गुपित.
तिघांचं म्हणजे,
आम्हाला ठाऊक आहे हे थेल्माला ठाऊक होतं की नाही,
ते मला ठाऊक नाही.

मार्चमध्ये तू पहिल्या बाकावर माझ्या शेजारी होतास.
पेटी आत आली.
थेल्मा आता नव्वदीची, बोटं आल्याच्या गाठींसारखी.
वर सूर लागला आणि तू रुमाल काढलास.
मला आधी कळलंच नाही.
मग कळलं.
लाल मोटार.
ती कोपऱ्यावर वळते ती जागासुद्धा थेल्मानं सोडली नाही.
मी तोंडात हातमोजा कोंबला.
लुडमिला मावशी पाठीवरून हात फिरवत राहिली,
रड बाई, मोकळी हो.

नंतर वर जाऊन तिला सांगायचं होतं.
काय ते माहीत नव्हतं, पण सांगायचं होतं.
लोक हात हातात घेत होते,
कुणी नूडल्सचं भांडं दिलं, झाकणावर नावाची चिठ्ठी चिकटवून,
तू गाडी कुठे लावलीय विचारलंस.
लाकडी जिना चढून गेले तेव्हा
ऑर्गनवर कापड ओढलेलं होतं.
मे महिन्यात तीही गेली. कळवलं होतं मी तुला.

त्या दिवशी गाडीत बसून,
प्रार्थनेच्या छापील कागदामागे,
पप्पांच्याच पेन्सिलीनं एक चौकोन काढला
आणि त्यात माझा के.
उलटा.

खोकी राहू देत.
सुया मिळतात अजून, पिट्सबर्गला एक माणूस ठेवतो.
चकती मात्र एकही नाही.
तुझ्या जुन्या कोटांचे खिसे बघ.