न पाहिलेल्या पाखराचं माप

चोच केवढी असते, हे विचारायला
शेवंताकाकू बापट कॅम्पातून चालत आली
दस्तगीरच्या शेडवर.
हातात मी काढून दिलेली रंगीत प्रिंट,
कडेला तिच्या अंगठ्याची ओली माती.
दस्तगीर कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी
ब्युरेट ओढत होता.
त्यानं मान वर केली नाही.
काच मऊ असताना कुणी मान वर करत नाही.

ऑर्डर माझ्यामुळं आलेली, दूरच्या देशातून.
दोनशे नग.
खाली मातीची वाटी, वर काचेची कुपी,
वाटीवर लाल फूल, फुलाच्या पोटात भोक,
आत साखरपाणी.
पाखरू येणार, हवेतच थांबणार,
पिणार, जाणार.
"हवेत थांबतं? बसत न्हाई?"
सेकंदाला पन्नास वेळा पंख हलवतं, मी वाचून दाखवलं.
काकू प्रिंटकडं बघत राहिली.
"मग दमत असंल की गं."

दस्तगीरचं म्हणणं वेगळं होतं.
त्याला लाल काच हवी होती, ती मिळेना,
म्हणून मी गोटी सोड्याच्या फुटक्या बाटल्या नेल्या, हिरव्या तर हिरव्या.
तो हसला. ही काच त्या काचेला धरत नाही, म्हणाला.
तापलेल्या असतात तोवर दोघी एक.
निवताना एक जास्त आक्रसते, एक कमी,
आणि रात्री कधीतरी, आपण झोपल्यावर,
टक्.

मातीचं तर आणखीच.
लीद घालून मळलेली, पायानं तुडवलेली,
चाकावर असते तेव्हा एवढी,
वाळली की एवढी,
भट्टीतून निघाली की आणखी लहान.
कुपीचं तोंड मात्र जिथल्या तिथं.
पहिले चाळीस बसलेच नाहीत.
काकूनं करंगळीनं भोकं मोजली, मग अंगठ्यानं,
शेवटी दस्तगीरची एक कुपी पदरात बांधून नेली
आणि चाकाशेजारी ठेवली,
पाहुण्याला बसवावं तशी.
"काच काय आटत न्हाई," ती म्हणाली,
"आटायचं ते आमीच."

हे चाक एका पुरात तीन दिवस पाण्याखाली होतं.
त्याबद्दल ती कधी बोलत नाही.
फक्त वाट्यांचे तळ जरा जाड करते.

दोनशे झाले तेव्हा बघितलं,
प्रत्येक वाटीला एक काडी.
मातीचीच, बोटभर, फुलाच्या खाली.
चित्रात नव्हती. मी सांगितली नव्हती.
मी फोटो पाठवले, उत्तर आलं:
वस्तू सुंदर, काडी नको.
हे काकूला सांगायला मला दोन दिवस लागले.
ती काही म्हणाली नाही.
कानस घेतली,
एकेक काडी मोडून बुंधा घासत गेली,
संध्याकाळपर्यंत, भाजलेल्या मातीची धूळ भुवयांवर.
मी गवतात गुंडाळत गेले, खोक्यांवर लिहीत गेले:
काच. सांभाळून.
मोजले तर एकशे नव्याण्णव.
एक फुटला, असं कळवून टाक, काकू म्हणाली.

तो न फुटलेला आता दस्तगीरच्या दारात आहे,
गॅसच्या सिलिंडरवर, सुतळीनं टांगलेला.
पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या.
दुसऱ्या आठवड्यातही मुंग्याच.
दस्तगीरनं सुतळीत पाण्याचं एक झाकण ओवलं,
मुंग्यांपुरता खंदक.
मग कुणीच आलं नाही.
साखरपाणी आंबलं, बदललं, पुन्हा आंबलं.
वाटीखाली कोळ्यानं जाळं धरलं,
ते कुणी काढलं नाही.

काल शिंजीर आला.
शेजारच्या जास्वंदीवरचाच, जांभळा, चिमटीएवढा.
काडीवर बसला.
फुलाकडं त्यानं बघितलंही नाही.
खाली वाकून जाळ्याचा एक धागा ओढला, मग दुसरा,
घरट्याला लागत असणार,
आणि चोचीत तेवढंच घेऊन गेला.

मी फोन करून काकूला सगळं सांगितलं,
साखरपाण्याला तोंड लावलं नाही, तेही.
तिकडं चाकाचा आवाज चालू होता.
"बसला न्हवं?" तिनं विचारलं.