गिरपांच्या अँबॅसिडरचा कॅम

कोल्हापूरहून तो एस्टीने आला,
ग्रीस माखून, वर्तमानपत्रात, वर गोणपाट.
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं.

पास्कू मेस्तांनी उलगडला, उजेडाकडे धरला.
आठ लोब. प्रत्येकाच्या नाकावर वेल्डने चढवलेलं कडक लोखंड,
मग घासून घासून
आधीपेक्षा दीड मिलिमीटर उंच.
"ह्यो आता वाल्व जास्त उघडतलो,
आणि उशिरान मिटतलो," ते म्हणाले,
"कवाडाक जाग्रणाची सवय."

गिरपांना घाट हवा होता.
आंबोलीच्या चौथ्या वळणावर काजूच्या पोत्यांसकट
गाडी धापा टाकायची
आणि मागून जीपवाली पोरं
हॉर्न न वाजवता पुढे जायची.
हॉर्न न वाजवता. हे त्यांना लागलं होतं.

तीन दिवस, उभादांड्याच्या त्या शेडमध्ये.
रेडिएटर काढला, पुढचं कव्हर, चेन.
पुशरॉड पुठ्ठ्याच्या भोकांत खोवले,
खडूने आकडे घालून, एक ते आठ.
"ज्येचो तेका. दुसऱ्याच्या जाग्यार गेलो तर झिजतलो."

चेनच्या दोन चाकांवर दोन ठिपके.
ते समोरासमोर येईपर्यंत मेस्त कुणाशी बोलत नाहीत.
मी बॅटरी धरून.
क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा.
असं का, मी विचारलं.
त्यांनी हात पुसले, समुद्राकडे बघितलं.
"भरती दिसाक दोनदा येता. चांद कितीदा उगवता?"
आणि परत वाकले.
बारावीत दोनदा नापास झालेल्या मला
त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी नीट गिळता आलं.

टॅपेट माझ्याकडे, बोटं बारीक म्हणून.
पंधरा थाउची पाती रॉकरखाली
जरा अडून सरकली पाहिजे,
सुरमईच्या कण्यावरून सुरी सरकते तशी.

शनिवारी तिन्हीसांजेला पहिली चावी.
"वीस मिनटां दोन हजाराच्या खाली नाय.
नवो कॅम हळू फिरलो तर मेलो. धर गो पाय."
मी धरला.
गाडीत सुई नव्हती. मेस्त बोनेटच्या कडेवर तळवा ठेवून
तळव्यानेच ऐकत होते:
चढव. पुरे. चढव.

सहाव्या मिनिटाला पोटरीत गोळा.
भिंतीवरचा क्रूस थरथरत तिरका झाला,
रोझिनबाई दारात, कानांवर हात,
लदीन आटपून परतणारी माणसं रस्त्यात थांबलेली.
अकराव्याला धूर पांढरा, मग निळसर, मग नाहीच.
पंधराव्याला मला रडू आलं, का ते माहीत नाही.
आत कुठेतरी लोखंड लोखंडाला ओळखू लागलं होतं
तेलाच्या एका पापुद्र्याआडून,
आणि मी पाय काढला असता
तर ती ओळख तिथेच खरचटली असती.

मग आयडल.
शिवणयंत्रासारखी चालायची ती गाडी,
आता अडखळत:
धप्. धप-धप्. धप्.
"बिघाडली," गिरप म्हणाले.
"नाय. तिचो श्वास लांब झालो."

सोमवारी चौथ्या वळणावर, दुसऱ्या गिअरात,
बंद पडली.
चाकांना दगड लावून, पोत्यांवर मुलगा बसवून
गिरप चालत वर गेले, बूथवरून फोन:
"ताकद वाढयली म्हणालंस मां?"
"वाढयली असा. पण वयर.
ताकद खंयसून येतली, गिरपानू?
वयर घातली ती खालची काढून.
पयलो गिअर घाला, आणि भियां नकात. आरडांदे तिका."

तेव्हापासून गिरप घाट आरडत चढतात.
जीपवाली पोरं आता हॉर्न वाजवतात,
पुढे जायला नाही.

जुना कॅम शेडच्या दाराला टेकू आहे.
वाऱ्याच्या दिवसांत दार त्याच्यावर आपटतं.
कधी बसल्या बसल्या त्याच्या लोबवरून अंगठा फिरवते,
बोथट, गार, गुळगुळीत.
बावीस वर्षं वेळेवर उघडलं, वेळेवर मिटलं.
ह्याची वीस मिनिटं
कुणी धरली असतील?